पीएनसी पार्क : वरच्या मजल्यावरून, तिसऱ्या बेसच्या बाजूने

पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, पहिल्यांदाच बेसबॉल बघायला येत असाल तर तिकीट वरच्या मजल्याचं घ्या. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागचं, नाहीतर तिथून तिसऱ्या बेसकडे, म्हणजे बॅटरच्या डावीकडे, थोडं सरकलेलं (बेस म्हणजे धावताना क्रमाने गाठायचे थांबे). सेक्शन 316 च्या आसपास बघायला सुरुवात करा आणि चढत्या आकड्यांकडे जा. खालच्या महाग खुर्च्यांवरूनही मी इथे सामने पाहिले आहेत. चेंडू ग्लोव्हजमध्ये बसतो तो आवाज तिथे छातीत जाणवतो, हे खरं. पण खेळ कळतो तो वरून.

हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण मी जळगावची. आमच्याकडे शाळेपासून मुली सॉफ्टबॉल खेळतात, आणि मी कॉलेज संपेपर्यंत कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी, होते. कॅचर ही मैदानावरची एकटीच अशी खेळाडू, जिचं तोंड बाकीच्या आठ जणींकडे असतं. कोण दोन पावलं आत आली, कोणाचं लक्ष नाही, दुसऱ्या बेसवरची धावपटू किती पुढे सरकली आहे, हे सगळं तिला एका नजरेत टिपावं लागतं. लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात आले आणि या मैदानाच्या वरच्या मजल्यावर बसले, तेव्हा तीच नजर परत मिळाली, फक्त थोड्या उंचीवरून.

बहुतेक मोठ्या स्टेडियममध्ये वरचा मजला म्हणजे खेळापासून लांब, आभाळाजवळ टाकलेली माणसं. इथे तसं का वाटत नाही, याचं कारण बांधणीत आहे. पीएनसी पार्कला दोनच मजले आहेत. 1953 साली मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम झालं, त्यानंतर मोठ्या लीगसाठी असं दुमजली मैदान इतक्या वर्षांत कोणी बांधलं नव्हतं. इथली सर्वांत उंच खुर्चीसुद्धा मैदानापासून 88 फुटांवरच आहे. प्रेक्षक बसतात 38,747, म्हणजे लीगमधल्या लहान मैदानांपैकी हे एक. कमी लोकांना बसवायचं, पण जवळ बसवायचं, असं ठरवून ते उभारलंय. वास्तुरचना एचओके स्पोर्ट या कंपनीची. बाहेरून मिनेसोटातल्या कसोटा गावचा पिवळसर चुनखडी दगड, आत निळं रंगवलेलं पोलाद. पोलादाच्या शहरात पोलाद दिसलंच पाहिजे, आणि इथे ते झाकलेलं नाही.

वर बसल्यावर काय बघायचं? चेंडू टाकायच्या आधी बघा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाय उचलायच्या क्षणी सगळे क्षेत्ररक्षक एकदम पुढच्या बोटांवर येतात, आणि ती हालचाल वरून स्पष्ट दिसते. मग कॅचरकडे बघा. पूर्वी तो दोन पायांमध्ये बोटांच्या खुणा करायचा. 2022 पासून मनगटावरची बटणं दाबून तो पिचरच्या टोपीतल्या छोट्या स्पीकरला कोणता चेंडू टाकायचा ते कळवतो. खुणा गेल्या, तरी त्याचं बसणं सांगून जातं. डावा गुडघा जमिनीला टेकवून तो बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकला की चेंडू तिकडे येणार. आमच्या सॉफ्टबॉलला पिचर 40-43 फुटांवर असायची, इथे 60 फूट 6 इंचांवर. दोन बेसमधलं अंतर आमचं 60 फूट, यांचं 90. अंतरं वाढली की खेळ संथ होईल असं वाटतं, पण चेंडूचा वेग त्या मानाने इतका वाढतो की बॅटरला विचार करायला मिळणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. मला हा खेळ परका कधी वाटला नाही तो त्यामुळे.

2026 च्या हंगामापासून आणखी एक गोष्ट आली आहे. चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), हा पंचाचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच डोक्यावर टपली मारून दाद मागतो आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा मोठ्या पडद्यावर निकाल दाखवते. नव्याने बघणाऱ्यासाठी याइतकी चांगली शिकवणी नाही. ती चौकट, स्ट्राइक झोन, म्हणजे नेमकं काय, हे पडद्यावर रेघा आखून समोर येतं. 2023 पासून पिचरवर घड्याळही आहे, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे सामना बहुधा अडीच ते पावणेतीन तासांत आटोपतो. मुलांना घेऊन या, ती कंटाळत नाहीत.

उन्हाचं बोलायचं तर उघड्यावर बसणाऱ्यांना जुलैत टोपी लागतेच.  पिट्सबर्ग डाउनटाउन सेंटर फील्ड आणि राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या मधल्या आणि उजव्या भागाच्या, पलीकडे उभं असल्यामुळे तिसऱ्या बेसवरून तेच सगळं समोर येतं : आधी हिरवळ, मग भिंत, मग ॲलेगेनी नदी, तिच्यावरचा पिवळा पूल आणि त्यामागे उंच इमारती. रात्रीच्या सामन्याला नऊपैकी दोन-तीन इनिंग (डाव) उलटल्या की तिकडच्या खिडक्या एकेक करून उजळायला लागतात. अमेरिकेतल्या ज्या मैदानांवर मी गेले आहे त्यांत असं दुसरं नाही. शहर लपवायचं नाही, शहरालाच आत घ्यायचं, हा विचार मला फार आवडतो.

तो पिवळा पूल म्हणजे रॉबर्टो क्लेमेंटे पूल. 1928 चा. 1998 साली त्याला क्लेमेंटेचं नाव दिलं. सामन्याच्या दिवशी त्यावरची वाहनं बंद करतात आणि माणसं चालत मैदानात येतात. तुम्हीही तसेच या. गाडी डाउनटाउनमध्ये लावा आणि पूल ओलांडा. चालायचं नसेल तर डाउनटाउन ते नॉर्थ साइड ही ट्राम नदीखालच्या बोगद्यातून जाते आणि त्या टप्प्याला तिकीट लागत नाही. मैदानाला चिकटून असलेल्या पार्किंगसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण सुटल्यावर बाहेर पडायला तिथेच सगळ्यांत जास्त वेळ जातो.

पुलाच्या टोकाला क्लेमेंटेचा पुतळा आहे. इथे थांबा. घाईने फोटो काढून पुढे जाऊ नका.

रॉबर्टो क्लेमेंटे पोर्तो रिकोचा. 1955 पासून 1972 पर्यंत पिट्सबर्ग पायरेट्सकडून राइट फील्डला खेळला. दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिका, जिंकल्या, 1960 आणि 1971. काळा आणि स्पॅनिश बोलणारा, म्हणून सुरुवातीला वार्ताहरांनी त्याला फार दुखावलं, त्याचं मोडकं इंग्रजी उच्चारांसकट जसंच्या तसं छापलं. त्याने मान खाली घातली नाही. 1972 च्या हंगामाच्या शेवटी त्याच्या नावावर बरोबर 3,000 हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, झाल्या. त्याच डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही हे कळल्यावर तो स्वतः सामानाच्या विमानात बसला. 31 डिसेंबर 1972 ला ते विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळाला नाही. त्याचा जिवलग मित्र मॅनी सँग्विलेन हा संघाचा कॅचर. शोकसभेला न जाता तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून मित्राला शोधत राहिला. कॅचरने काय करावं याची माझ्या मनातली व्याख्या याहून मोठी नाही.

पुतळ्याच्या चौथऱ्यात पोर्तो रिकोची, आणि संघाच्या आधीच्या दोन मैदानांची, फोर्ब्ज फील्डची आणि थ्री रिव्हर्स स्टेडियमची, माती ठेवलेली आहे. आणि आत राइट फील्डची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा 21. लेफ्ट फील्डची भिंत आहे फक्त 6 फूट. म्हणजे क्लेमेंटेच्या आठवणीने खेळाचं गणितच बदललं आहे. उजव्या कोपऱ्यात होम रनसाठी, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे मारायला, अंतर 320 फूट, हे ऐकायला सोपं, पण चेंडूला 21 फूट भिंत ओलांडावी लागते. दुसरीकडे डावीकडून मध्याकडे जाताना एका खाचेत अंतर 410 फुटांपर्यंत वाढतं, आणि थेट सेंटर फील्डच्या 399 पेक्षाही ते लांब आहे. तिथे भल्याभल्यांचे फटके झेल होऊन मरतात. स्मारक म्हणून एक संगमरवरी पाटी लावणं सोपं होतं. इथे रोजच्या खेळालाच ते नाव भिडतं. कोणताही राइट फील्डर या भिंतीवरून उसळलेला चेंडू पकडायला शिकतो तेव्हा तो क्लेमेंटेचाच धडा गिरवत असतो.

म्हणूनच 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीला जे झालं ते मला फार लागलं. या भिंतीच्या कोपऱ्यातल्या पॅडवर 21 आकड्याचं चिन्ह होतं, ते काढून तिथे दारूच्या कॅनची जाहिरात लावली गेली. क्लेमेंटेच्या कुटुंबाने जाहीर नाराजी सांगितली, चाहते चिडले, आणि क्लबने चूक मान्य करून ते चिन्ह परत लावलं. परत लावलं हे बरं झालं. पण ज्या भिंतीची उंचीच एका माणसाच्या नावाने ठरवली आहे, तिच्यावरची जागा विकताना कोणाच्याही मनात शंका येऊ नये, हे दुखणारं आहे.

याच भिंतीबद्दल एक काळजीची गोष्ट. एप्रिल 2025 मध्ये एक तरुण प्रेक्षक आनंदाच्या भरात उडी मारताना या 21 फुटांवरून खाली मैदानात पडला आणि गंभीर जखमी झाला. तो वाचला. भिंतीवरच्या पुढच्या रांगेत बसलात तर मुलांना कठड्याला टेकून उभं राहू देऊ नका.

नदीबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. होम प्लेटपासून पाणी 443 फुटांवर आहे. थेट, टप्पा न पडता नदीत चेंडू घालणारा पहिला खेळाडू डॅरिल वॉर्ड, ह्यूस्टनचा, 2002 साली. पायरेट्सपैकी पहिला गॅरेट जोन्स, 2013 साली. मे 2025 मध्ये ओनील क्रूझने मारलेला होम रन बॅटवरून ताशी 122.9 मैलांनी सुटला आणि नदीत गेला. 2015 पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो, आणि तेव्हापासूनचा हा सर्वांत वेगवान फटका. क्रूझ बॅटिंगला आला की खाण्याच्या रांगेत उभं राहू नका.

खाण्याचं थोडक्यात. इथे घरचं खाणं आत नेता येतं, आणि शाकाहारी मराठी माणसासाठी हे फार मोठं आहे. सगळ्याच स्टेडियममध्ये ते चालत नाही. सीलबंद पाण्याची बाटलीही चालते. पिशवीच्या आकाराचे नियम बदलतात, ते निघण्याआधी बघून घ्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. मांसाहारी असाल तर प्रिमँटीचं सँडविच एकदा खा. त्यात बटाट्याचे तळलेले काप आणि कोबीचं कोशिंबीर सँडविचच्या आतच भरतात. ही खास पिट्सबर्गची पद्धत आहे. सेंटर फील्डच्या मागे 'मॅनीज बार्बेक्यू' आहे. हा मॅनी म्हणजे तोच सँग्विलेन. कितीतरी हंगाम तो तिथे खुर्ची टाकून बसत आला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सह्या देत आला. तो दिसला तर नमस्कार करा आणि तो माणूस कोण, हे मुलांना सांगा.

पिरोगीही मिळतात. पूर्व युरोपातून पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी आणलेला हा पदार्थ. उकडलेली करंजी आणि आत बटाटा-चीज, असं समजा. इनिंगच्या मधल्या वेळात पिरोगीच्या वेशातली माणसं मैदानाकडेने शर्यत लावतात आणि पोरं आपापल्या पिरोगीसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. माझ्या मुलीची 'हॅलपीनो हॅना' ठरलेली आहे.

आता संघ. मैदानाचं मूल्यमापन करताना संघाला बाजूला ठेवावं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. खुर्चीवर बसून माणूस बघतो तो खेळच.

पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली 1979 साली. 1993 पासून 2012 पर्यंत सलग 20 हंगाम त्यांनी जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. हे मैदान 9 एप्रिल 2001 ला खुलं झालं, आणि त्याच दिवशी सकाळी संघाचा लाडका कर्णधार विली स्टार्जेल वारला. त्याचा पुतळा डावीकडच्या दाराशी आहे. म्हणजे मैदानाची पहिली बारा वर्षं सगळी पराभवातच गेली. मग 1 ऑक्टोबर 2013 ला इथे पहिला बाद फेरीचा सामना झाला. चाळीस हजारांवर माणसं काळे कपडे घालून आली आणि सिनसिनाटीच्या पिचरचं, जॉनी क्वेटोचं, नाव एका सुरात ताणून ओरडू लागली. त्याच्या हातून चेंडू सुटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. आणि रसेल मार्टिन कॅचर होता. त्या रात्रीबद्दल बोलताना इथल्या माणसांचा आवाज अजून चढतो. हे मैदान भरलं की काय करू शकतं, ते त्या रात्री सगळ्या देशाने पाहिलं.

त्यानंतर पुन्हा उतार. 2025 मध्ये 71 विजय, 91 पराभव. त्याच वर्षी पॉल स्कीन्सने लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, एकमताने. त्याची सरासरी होती 1.97, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. आणि त्याचे वैयक्तिक विजय 10, पराभव 10. ज्याला अवघ्या दोनेक धावांची मदत पुरली असती, त्याच्यासाठी तेवढ्याही निघाल्या नाहीत. स्कीन्स पिचिंगला असेल त्या दिवशी तिकीट काढाच. त्याचा स्प्लिंकर, फास्टबॉलच्या वेगाने येऊन शेवटच्या क्षणी खाली बुडणारा चेंडू, वरच्या मजल्यावरूनही बुडताना दिसतो. ताशी नव्वदच्या वरच्या मैलांनी येणारा तो चेंडू अंगावर घेऊन जमिनीवर थोपवणाऱ्या कॅचरसाठी मी दर वेळी टाळी वाजवते.

चाहते मालकाला संघ विकायला सांगत घोषणा देतात. त्या तुम्हालाही ऐकू येतील. त्यामागे नुसता पराभवाचा राग नाही. नवी मैदानं बांधण्यासाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव नोव्हेंबर 1997 मध्ये मतदानाला आला, आणि लोकांनी तो फेटाळला. तरीही पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेने सरकारी पैसा उभा केला गेला आणि 21 कोटी 60 लाख डॉलरचं हे मैदान झालं. लोकांनी नको म्हटल्यावर लोकांच्याच पैशातून बांधलेली ही जागा इतकी सुंदर निघाली, हे नशीब. पण त्या लोकांना स्पर्धेत टिकणारा संघ मिळायला हवा, हे मागणं मला पूर्ण न्याय्य वाटतं.

आणखी एक उणीव. गोऱ्यांच्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी होती, त्या काळात होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे काळ्यांचे दोन थोर संघ याच शहरात होते. जॉश गिब्सन त्या दोन्हींकडून खेळला. तोही कॅचर. 2024 साली मेजर लीगने काळ्यांच्या त्या वेगळ्या लीगची, निग्रो लीगची, आकडेवारी आपल्या नोंदीत घेतली आणि .372 च्या सरासरीने, म्हणजे हजार संधींमागे 372 हिट, गिब्सन इतिहासातल्या सगळ्या बॅटरांच्या वर जाऊन बसला. त्याचा, सॅचेल पेजचा आणि त्यांच्या सोबत्यांचे पुतळे 2006 पासून लेफ्ट फील्डच्या दाराशी होते. 2015 मध्ये ते काढले. 1 सप्टेंबर 1971 ला मेजर लीगमध्ये पहिल्यांदा नऊच्या नऊ काळे आणि लॅटिनो खेळाडू मैदानात उतरवणारा संघ हाच. त्या संघाच्या दाराशी गिब्सन उभा हवा. इथे पुतळे असलेल्या वॅगनर, क्लेमेंटे, स्टार्जेल आणि मॅझरॉस्की यांच्या बरोबरीने, आणि तेवढाच उंच.

भारताचा धागा आहे, तो लहान असला तरी मला जवळचा. नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. दोघं खालच्या लीगमध्ये खेळले, या मैदानापर्यंत पोहोचले नाहीत. पण भारतात बेसबॉल-सॉफ्टबॉल वर्षानुवर्षं खेळणारी मुलं-मुली आहेत. जळगावात आहेत, अमरावतीत आहेत. त्यांच्याकडे कोणी शोधायला गेलं नाही, याची मला खंत आहे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर याच शहराच्या ओकलंड भागात, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात जा. फोर्ब्ज फील्डची आउटफिल्डची विटांची भिंत तिथे अजून उभी आहे, आणि पोस्वर हॉल या इमारतीत तिथली जुनी होम प्लेट फरशीत काचेखाली जपलेली आहे. 13 ऑक्टोबर 1960 ला याच मैदानावर बिल मॅझरॉस्कीने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध होम रन मारून तो सामना 10-9 असा आणि त्याबरोबर सिरीजही जिंकून दिली. सातवा सामना होम रनने संपण्याची ती एकमेव वेळ. लेफ्ट फील्डला चेंडू डोक्यावरून जाताना बघणारा होता योगी बेरा, एरवीचा कॅचर. दर वर्षी त्या तारखेला चाहते भिंतीपाशी जमतात आणि सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात, असं मोजून की दुपारी 3 वाजून 36 मिनिटांनी, अगदी त्याच वेळेला, होम रन व्हावा. प्रवेश फुकट आहे. घडीची खुर्ची बरोबर आणा आणि दुपारी जेवून लवकर या, भिंतीजवळची जागा आधी भरते.